परदेशी पाहुणीची कॉफी

नाताळच्या सुट्टीतली सकाळ होती. दार वाजलं म्हणून उघडलं, तर समोरच्या घरातली डेनिस, पायात सपाता आणि नाइटगाऊनवरच चढवलेला कोट. माझ्याशी एक शब्द न बोलता ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि माझ्या आईच्या गळ्यात पडली. “मामा इज गॉन, मिस कुसुम...” आईने हातातला झारा ठेवला, गॅस बंद केला, डेनिसला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “रडू नकोस नाही म्हणत. रड बाई, रड,” असं ती चक्क मराठीत म्हणत होती आणि डेनिस मान हलवत होती. मी माझ्याच घराच्या दारात परक्यासारखी उभी. मिस अर्लीन गेल्याची बातमी आधी आईची होती, मग माझी. रडता रडता मला त्याचा अभिमानच वाटला. कारण पाच वर्षांपूर्वी हीच माझी आई, घरी चार बायका यायच्या म्हटलं की वरच्या खोलीत जाऊन दार लावून बसायची.

मिस अर्लीन म्हणजे डेनिसची आई. दक्षिण जॉर्जियातल्या एका छोट्या गावात आयुष्यभर शाळेत शिकवून, निवृत्तीनंतर मुलीकडे, अटलांटाजवळच्या अल्फारेटाला राहायला आल्या होत्या. इकडे दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी ‘मिस’ लावतात, मग तिला नातवंडं का असेनात. आम्ही हे घर घेतलं तेव्हा कुलकर्णीकाकूंनी फोनवर विचारलं होतं, “शेजार कसा आहे गं?” काकू म्हणजे आमच्या मंडळाच्या आधारस्तंभ. त्यांचे डॉक्टर यजमान सत्तरच्या दशकात इकडे आलेले, त्यामुळे अटलांटातला मराठी माणूस त्यांना विचारल्याशिवाय गणपतीही बसवत नाही. ‘शेजार कसा आहे’ या प्रश्नाचा अर्थ आपल्यात सगळ्यांना कळतो आणि कुणी तो उलगडून सांगत नाही. समोर कृष्णवर्णीय कुटुंब आहे असं मी सांगितल्यावर काकू “असं का... बरं बरं” म्हणाल्या आणि शाळांची चौकशी करू लागल्या.

बाबा गेल्यावर आई सांगलीहून आमच्याकडे आली. प्राथमिक शाळेत तीस-एक वर्षं शिकवलेली बाई, एका हाकेत अख्खा वर्ग चिडीचूप करणारी. पण बाबांनंतर तिचा आवाजच बसला. २००३च्या संक्रांतीला मी हळदीकुंकू ठरवलं तेव्हा तिला परोपरीने सांगितलं, की तू खाली आमच्यात बसायचं. “तू म्हणशील बस,” ती म्हणाली. “बायका तोंडावर काही बोलणार नाहीत. पण नव्या लग्नाच्या मुली येणार आहेत, मला कुणाच्या मनात किंतू आणायचा नाही.” मी चिडले, रुसले, नवऱ्याला, मिलिंदला मध्ये घातलं. काही उपयोग झाला नाही. तिला कुणी वर पाठवलं असतं तर मी त्या माणसाशी कडाकडा भांडले असते. पण तिला कुणीच पाठवलं नव्हतं. ती आपली आपणच जात होती, आणि अशा माणसाशी भांडायचं कसं हे मला ठाऊक नव्हतं.

त्या हळदीकुंकवाला मी समोरून मिस अर्लीनना बोलावलं होतं. शेजारधर्म म्हणून आणि थोडं कौतुक करून घ्यायलाही. त्या टोपीबिपी घालून, चर्चला जावं तशा नटून आल्या. आम्ही सगळ्या काळ्या साड्यांत. संक्रांतीला काळं शुभ असतं असं मी सांगितल्यावर त्या खदखदून हसल्या. “काळं शुभ? मग मी अगदी योग्य घरात आले बघ!” बायकांना आधी हसावं की नाही कळेना, मग सगळ्या हसल्या. तिळगूळ झाला, अत्तर झालं. कुंकू लावायला मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी विचारलं, “हे कशासाठी असतं, बेबी?” कुलकर्णीकाकूंनी आपल्या सफाईदार इंग्रजीत समजावलं, की लग्न झालेल्या बायकांचं असतं, नवऱ्याला उदंड आयुष्य मिळावं म्हणून. मिस अर्लीन म्हणाल्या, “माझा नवरा व्हिएतनामच्या युद्धात गेला. डेनिस जन्मायच्याही आधी.” माझा हात तसाच हवेत. काकू घाईघाईने म्हणाल्या, “नो नो, इट्स ओके! तुम्हाला चालतं. तुम्ही अमेरिकन आहात ना, आमच्या पाहुण्या.”

मिस अर्लीननी काकूंकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नव्हे... एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं. मग मला विचारलं, “आणि ज्या पाहुण्या नाहीत त्या विधवा कुठे बसतात?” माझी नजर जिन्याकडे गेली. त्यांनी तिळगुळाची बशी उचलली, “एक्स्क्यूज मी, लेडीज” म्हणाल्या आणि वर गेल्या.

मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघी पलंगाच्या कडेवर शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. आई पार गोंधळलेली. मला खाली बायकांकडे जायचं होतं, पण मिस अर्लीन म्हणाल्या, बस, मी सांगते ते हिला तुमच्या भाषेत सांग. मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकत होते आणि ऐकता ऐकताच मराठीत करत होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्या कॉलेजात होत्या. गावातल्या औषधाच्या दुकानात खाण्यापिण्याचा एक काउंटर होता, तिथे काळ्या माणसांनी विकत घ्यायचं पण बसायचं नाही. ही मुलं जाऊन बसली. कॉफी मागायची, मिळत नाही म्हटलं तरी उठायचं नाही. डोक्यावर साखर ओतली, केसात च्युइंगगम चिकटवला, तरी गप्प बसून राहायचं. आईने मध्येच विचारलं, “आणि लघवीला कुठे जायच्या?” मी कसंबसं विचारलं. मिस अर्लीननी आईच्या मांडीवर थाप मारली. “कधीपासून सांगतेय ही गोष्ट, हे कुणी विचारलं नव्हतं! पाळ्या लावल्या होत्या आम्ही. एक उठली की दुसरी त्याच स्टुलावर.”

त्या दिवसांत एका दुपारी एक साडी नेसलेली बाई नवऱ्याबरोबर दुकानात आली. रंगाने साधारण मिस अर्लीनइतकीच. मालक स्वतः पुढे आला, मॅडम मॅडम करत तिला बसवलं, कॉफी दिली. परदेशी पाहुणी! तेव्हा अमेरिकेला सगळ्या जगाला दाखवायचं होतं, की रशियापेक्षा आपल्याकडे माणसाला मान आहे. म्हणून परदेशी माणूस दुखावायचा नाही, असा वरूनच आग्रह असायचा. घरच्या माणसाचं काय, ते कुठे जातंय? “त्या बाईने कॉफी प्यायली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेली. माझा तिच्यावर राग नाही, तहान लागली असेल. पण आज खाली त्या बाई मला म्हणाल्या, तुम्ही पाहुण्या, तुम्हाला चालतं... आणि कुसुम, तीच कॉफी माझ्यासमोर आली. मला ती नको. मी इथेच बसते.” त्यांना शेवटी कॉफी मिळाली का, असं आईने विचारायला लावलं. “मिळाली तर! जिंकलो आम्ही. पण मी कॉफी पीतच नाही. तेव्हाही पीत नव्हते.” आई बाबांनंतर पहिल्यांदा मोठ्याने हसली. खाली बायकांनी ऐकलं, आणि मग लवकरच गाड्यांच्या चाव्या शोधायला लागल्या.

त्याच वसंतात इराकचं युद्ध सुरू झालं. मिस अर्लीन दर शनिवारी लायब्ररीजवळच्या चौकात हातात फलक घेऊन उभ्या राहू लागल्या. फलकावर एवढंच, ‘माझा नवरा परत आला नाही. तुमचा येऊ दे.’ एका शनिवारी आई थर्मासमध्ये आल्याचा चहा घेऊन निघाली. मिलिंद घाबरला. २००१च्या हल्ल्यांनंतर आमच्यातल्या निम्म्या लोकांनी गाडीवर झेंडा लावला होता, कुणी आपल्याला भलतंच समजू नये म्हणून. “आईंच्या ग्रीन कार्डाची शाई तरी वाळू दे, यार,” तो मला म्हणाला. आई म्हणाली, “मी फलक धरत नाही, नुसता चहा देते. चहा देण्यावर बंदी आहे का?” एकदा मी सोबत असताना गाडीतून कुणी तरी ओरडलं, आपल्या देशात परत जा. आईने मला अर्थ विचारला, मी सांगितला. “पण म्हणाला कुणाला? मला की यांना?” तिचा प्रश्न मी पुढे पोचवल्यावर मिस अर्लीन हसून हसून खोकायला लागल्या. “माझ्या पणजोबांची कबर इथून दोन तासांवर आहे. तिकडेच जाते, सांग त्याला!”

तरी पुढच्या संक्रांतीला आई वरच बसली. मिस अर्लीनही सरळ वर गेल्या. काही समजावणं नाही, भाषण नाही. मी कुरकुरले तेव्हा म्हणाल्या, “समोरच्याला कंटाळा येईपर्यंत बसायचं, बेबी. आपल्याला कंटाळा आला की संपलं.”

तिसऱ्या वर्षी मात्र त्या आल्या त्या लंगडतच. “गुडघ्यांनी दगा दिला. आज जिना चढवणार नाही,” असं म्हणत जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसल्या. सगळ्यांच्या वाटेत. खुर्ची दिली, नको. सोफा, नको. मी धावत वर जाऊन आईला सांगितलं. “गुडघे दुखतात आणि पायरीवर बसल्यात? या थंडीत? काही अक्कल!” आई तरातरा खाली उतरली, वर्गात रागवावं तशी मराठीतून रागावली, दंडाला धरून त्यांना उठवलं आणि बैठकीत आणून सोफ्यावर बसवलं. परत फिरायला गेली, तर मिस अर्लीन हात सोडेनात. शेवटी आई शेजारी टेकली. कुलकर्णीकाकू नेमक्या तेव्हाच कुंकवाचा करंडा घेऊन समोर आलेल्या. मिस अर्लीननी आपल्या कपाळावर तळहात ठेवला आणि मानेनेच आईकडे खूण केली. आधी हिला. बैठकीत कुणी हलेना... काकू उभ्याच. मला वाटलं, आता संपलं सगळं, आई पुन्हा कधी खोलीबाहेर यायची नाही. मग काकू म्हणाल्या, “कुसुमताई, कपाळ पुढे करा बघू. हात अवघडला माझा.” आईने डोळे मिटून कपाळ पुढे केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले आणि बाहेर येऊन सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा दिला. मिस अर्लीननी त्या दिवशी कुंकू मागून घेतलं, आणि अत्तरही दोन्ही मनगटांना.

त्यांच्या अंत्यविधीला ते लोक होमगोइंग म्हणतात, घरी जाणं. आईने संक्रांतीची काळी साडी नेसली. चर्चमध्ये गाणी, टाळ्या, पायांचे ठेके! शोकाला गेलो होतो आणि एखाद्या विजयाच्या मिरवणुकीत सापडलो. त्या काउंटरवर बसलेली एक म्हातारी मैत्रीण काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, “अर्लीन कुठूनही उठली नाही. आज पहिल्यांदाच उठली.” सगळं चर्च उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि त्यात माझी आईही.

नंतर डेनिस आम्हाला तिच्या आईची खोली दाखवायला घेऊन गेली. खोली वरच्या मजल्यावर होती. “खाली बेडरूम होती, पण मामाला वरचीच हवी. दिवसातून दहा वेळा वर-खाली, मीच दमायचे बघून.” मी चपापून आईकडे पाहिलं. खिडकीशी त्यांची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर लोकरी शाल, टेबलावर चष्मा. “आई, मग ते गुडघे...” आईने शालीची घडी सारखी केली. “दर शनिवारी दोन दोन तास रस्त्यावर उभी राहणारी बाई. तिचे गुडघे गेलेत हे तुला खरं वाटलं?” “मग तू उतरलीस कशाला?” “दोन वर्षं त्यांना नाही म्हटलं. तिसऱ्या वर्षी एवढी मानाची बाई माझ्यासाठी पायरीवर बसली. आता माणसाने आणखी किती ताणायचं?” मग ती त्या खुर्चीत बसली आणि बराच वेळ खिडकीतून आमच्या घराकडे पाहत राहिली.

गेल्या शनिवारी पलीकडच्या वसाहतीत आरती नावाच्या नव्या मुलीकडे हळदीकुंकू होतं. तिच्या सासूबाई नागपूरहून आल्यात असं कळलं होतं, पण बैठकीत दिसेनात. “त्यांचं डोकं दुखतंय, वर पडल्यात,” आरती खाली मान घालून म्हणाली. आईने काही विचारलं नाही. तिळगुळाची बशी उचलली, एका हाताने साडीच्या निऱ्या सावरल्या आणि कठड्याला धरून एक एक पायरी चढत वर गेली. खाली आम्ही चिवडा खात, हवापाण्याच्या गप्पा मारत बसलो, पण सगळ्यांचे कान वर. बराच वेळ नुसती कुजबुज. मग एक अनोळखी हसू ऐकू आलं, आधी दबकत, मग मोकळं. कुलकर्णीकाकूंनी करंडा हातात घेतला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “चला गं सगळ्या, वरच जाऊ या.” त्या घरात मिस अर्लीन कधी आल्याही नव्हत्या. आम्ही काळ्या साड्या सावरत, एकीमागे एक, त्या अरुंद जिन्यावर गर्दी केली, तेव्हा वरून आईचा आवाज आला, सांगलीच्या शाळेतला, खणखणीत. “दारात थांबू नका. आत या, जागा आहे!”