हे वर आले

रंजीता तशी भित्री बाई. पालीला भ्यायची, विजेच्या उघड्या तारेला भ्यायची, सासूच्या फोनला तर फारच भ्यायची. अशी बाई भरदुपारी दार लावून, हातात कंदील घेऊन मढ्यांच्या भुयारातून एकटी फिरते, हे बाहेरच्या कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. कॉलनीत मात्र ते पोराटोरांनाही ठाऊक होतं.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. कॉलनी घुग्घुसच्या पुढं, वर्धा नदीच्या अंगाला. तिथली कोळशाची खदान आता बंद पडली आहे, तिचं नाव घेण्यात काही हशील नाही. रंजीताचा नवरा सुरेंद्र त्या खदानीत खाली, जमिनीच्या पोटात कामाला होता. एका दिवाळीला त्यानं नागपूरहून जुनं प्लेस्टेशन आणि पिशवीभर सीड्या आणल्या. भाच्यासाठी आणलं म्हणून सांगे, पण भाचा राहायचा राजुऱ्याला आणि यायचा उन्हाळ्यात. तोवर सुरेंद्र स्वतःच खेळला, आणि हौस फिटली तसं ते टीव्हीखाली धूळ खात पडलं. धूळ पुसायचं काम अर्थातच रंजीताकडे आलं. पुसता पुसता एक दिवस तिनं बटण दाबलं.

लग्नाला सहा वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. नवरा सकाळच्या पाळीला गेला की दोन खोल्यांचं क्वार्टर तिला खायला उठे. बाहेर गावागावांत भारनियमन असलं तरी खदानीच्या कॉलनीत वीज जात नसे. मग काय, बाईनं आधी गाड्यांच्या शर्यती संपवल्या, मग तलवारबाजी संपवली, आणि शेवटी भुताच्या गेमांवर येऊन टेकली. ती म्हणे, बाकीच्या गेमांत डोकं भणभणतं, भुताच्या गेमात घर भरल्यासारखं वाटतं.

गेम संपला की तिला तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नसे. शेजारची गोकुळा आणि आणखी चारपाच जणी दुपारी तांदूळ निवडायला तिच्या ओसरीवर जमत. पडद्याकडं पाहिलं की त्यांना गरगरायचं, त्यामुळे त्यांना गेम पाहायचा नसे, ऐकायचा असे. रंजीता सांगायची झकास. इंग्रजी तिचं दहावीपर्यंतचं, तेही काठावर पास झालेलं. जिथं कळत नसे तिथं ती पदरचं घाले, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त रंगे. सांगून झालं की निकाल द्यायची. भेव बारा आणे, रडू चार आणे. किंवा, शेवट वाया गेला, उगाच रात्रंदिवस मेहनत घेतली.

सुरुवातीला ती "मी" म्हणून सांगायची. मी विहिरीत उतरली, मले मागून धरलं, मी मेली. गोकुळाला ते अजिबात खपत नसे. भरल्या घरात बाईनं मी मेली, मी मेली करू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं तिनं दोनतीनदा बजावलं. रंजीता हसण्यावारी नेई.

मग तो बुडालेल्या गावाचा गेम आला. तळ्याखाली एक गाव, गावाखाली भुयारं, आणि भुयारांत अडकलेल्या माणसांना वर काढायला उतरलेला एक माणूस. हा गेम सुरेंद्रनंच कधीतरी चालू केला होता आणि नाव विचारलं तेव्हा स्वतःचं टाकलं होतं. पहिल्याच पुलावर अडकून त्यानं तो सोडून दिला. रंजीतानं तिथून पुढं उचलला. आता पडद्यावर ठळक अक्षरांत नवऱ्याचं नाव, आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही तिच्या आईची शिकवण. तेव्हा बायकांना सांगताना ती साहजिकच त्याला 'हे' आणि 'यायले', म्हणजे यांना, म्हणू लागली, "हे पायऱ्या उतरले. यायले कंदील सापडला. मंग हे पान्यात गेले, छातीवरी पानी."

घोळ झाला तो इथं. ओसरीवरच्या जवळजवळ प्रत्येकीचे "हे" त्या वेळेला खालीच असत. गोकुळाचा धनराज तर सुरेंद्रच्याच टोळीत. "यायच्या मागं कोनीतरी चालून राह्यलं," असं रंजीता म्हणाली की सुपातले हात थांबत. मी मेली, असं हसत सांगणारी रंजीता आता स्वतःच जपून बोलू लागली. हे मेले, असं ती एकदाही म्हणाली नाही. गेममध्ये माणूस मेला की ती बायकांना सांगे, यायले परत फिरावं लागलं.

त्याहून पुढची गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. नवरा खाली असताना गेममधल्या माणसाला पाण्यात सोडून ती टीव्ही बंद करत नसे. भुयारात मधे मधे ओटे होते, ओट्यावर दिवा तेवत असे, तिथं पोचलं की खेळ जपून ठेवता येई. भात करपला तरी चालेल, पण आधी त्याला दिव्यापाशी आणायचं. एकदा मधेच टीव्ही बंद पडला तर सुरेंद्र घरी येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरला नाही. हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग, भीती वाटायची ती वाटायचीच.

ऐकायला येणाऱ्यांत एक वच्छलाबाई होती. वय पन्नाशीच्या पुढं, राहायची एकटी, क्वार्टरांच्या शेवटच्या लाइनीत. पोरगी गडचिरोलीकडं दिलेली. नवरा वीस वर्षांपूर्वी खाली गेला तो गेलाच. नदीला पूर आला होता, जुन्या भागात पाणी भरलं, बाकीचे निघाले, तो निघाला नाही. प्रेत मिळालं नाही म्हणून बाईनं बारा वर्षं कुंकू पुसलं नव्हतं. मग भाऊबंदांनी पळसाच्या पानांचा पुतळा केला, नदीवर नेऊन जाळला, आणि तिला सांगितलं, आता मोकळी झालीस. नवऱ्याच्या जागी तिला कॅन्टीनमध्ये काम मिळालं होतं. दुपारी तिथून सुटली की ती थेट रंजीताच्या दाराशी येऊन बसे. हसत नसे, भीत नसे, नुसती ऐके.

एकदा रंजीता भुयाराच्या फाट्यावर कितीतरी दिवस अडकून पडली. सगळ्या वाटा फिरून तिथंच यायची. बायकांनाही कंटाळा आला. तेव्हा वच्छलाबाई पहिल्यांदा बोलली.

"कंदिलाची ज्योत कोनीकडं झुकते, ते पाह्य. हवा तिकडून येते. आमचे हे तसंच चालत."

रंजीताला वाटलं, म्हातारीचं आपलं काहीतरी. दुसऱ्या दिवशी तिनं पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. ज्योत खरंच डावीकडं झुकत होती. तिकडं भिंत होती, भिंतीत फट होती, फटीतून वाट होती. बायकांना सांगताना तिनं ही गोष्ट गाळली, पण वच्छलाबाईनं तिच्याकडं पाहून मान हलवली, जशी काही सोबतच होती.

गेम संपला तो पोळ्याच्या आसपास, एका सकाळी. सुरेंद्र पाळीला गेला आणि रंजीता जी बसली ती उठलीच नाही. शेवटी असं होतं की अडकलेली सगळी माणसं शिडीनं वर जातात, पण पाण्याचं दार एकानं खाली धरून ठेवावं लागतं. ते धरतो हाच. पाणी कमरेला येतं, गळ्याशी येतं, कंदील विझतो. अंधाऱ्या पडद्यावर फक्त नाव उरतं, सुरेंद्रचं, आणि तेही हळूहळू जातं. रंजीतानं बटणं दाबून पाहिली, पुन्हा मागच्या दिव्यापासून खेळून पाहिलं. दुसरा शेवट नव्हता. ती ओक्साबोक्शी रडली आणि मग तिच्या लक्षात आलं की थोड्या वेळानं बायका येतील, शेवट विचारतील, आणि पाळी अजून खालीच आहे.

बायका आल्या. गोकुळानं सूप खाली ठेवायच्या आधीच विचारलं, संपला का, काय झालं. रंजीतानं सगळं सांगितलं, शिडी सांगितली, दार सांगितलं, पाणी सांगितलं. मग उरला शेवट. हे खालीच राह्यले, एवढे तीन शब्द. ते या ओसरीवर, या वेळेला, तिच्या तोंडून निघणार नव्हते.

"हे वर आले," ती म्हणाली.

बायकांनी सुस्कारा सोडला. गोकुळा जरा हिरमुसली, एवढं सारं करून शेवट साधाच निघाला म्हणून. वच्छलाबाईनं मात्र पुढं सरकून विचारलं, कोणत्या वाटेनं आले. रंजीताला आता खोट्याला खोटं जोडणं भाग होतं. नदीकडच्या जुन्या वाटेनं, ती म्हणाली, गेममध्ये नदी नव्हती तरी.

"मले वाटतच होतं," वच्छलाबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "जाते मी. पानी तापवा लागन."

तेव्हा कोणालाच काही उमगलं नाही. बायका पांगल्या. थोड्या वेळानं गोकुळा परत आली ती उतरल्या चेहऱ्यानं. वच्छलाबाई तिच्याकडं अंगाचा साबण मागायला आली होती. वर विचारत होती, गड्यामाणसाला भात किती लावतेस, माझा अंदाज सुटला. गोकुळानं साबण दिला आणि दार लावून घेतलं.

आता रंजीताला उलगडलं. महिनोनमहिने ती आपल्या नवऱ्याला दिव्या-दिव्यापाशी आणत होती, आणि दाराशी बसलेली बाई तिच्या प्रत्येक शब्दासोबत स्वतःच्या नवऱ्याला आणत होती. आता धावत जाऊन सांगायला हवं होतं, वच्छलाबाई, मी खोटं बोलली, हे आले नाईत. ती उंबऱ्यापर्यंत गेलीही. पण तिथं उभं राहून तिनं ते वाक्य मनात म्हणून पाहिलं आणि ती मागं फिरली. सुरेंद्र वर आल्याशिवाय ते म्हणायची तिची छाती नव्हती. एक म्हातारी बाई तिकडं चूल पेटवते आहे, आपण इकडं गप्प बसलो आहोत, याची तिला लाज वाटत होती, तरी ती बसून राहिली.

भोंगा झाला. भोंगा झाल्यावरही पुष्कळ वेळ गेला, आणि मग दाराशी सुरेंद्रची सायकल वाजली. तोंड काळं, दात तेवढे पांढरे, रोजचाच सुरेंद्र. रंजीतानं त्याच्या दंडाला हात लावून पाहिला. तो म्हणाला, काऊन वं, काय झालं. "आलीच मी," एवढं म्हणून ती पदर खोचून शेवटच्या लाइनीकडं धावली.

खदानीच्या कॉलनीत कोणाचा माणूस घरी आला हे विचारावं लागत नाही. न्हाणीतून निघालेलं पाणी दारापुढच्या नालीतून वाहतं, आणि ज्या घरचं पाणी काळं, त्या घरचा गडी आला. रंजीता लाइनीतून जात होती तेव्हा नाल्या एकेक करून काळ्या होत होत्या. वच्छलाबाईच्या नालीतून वीस वर्षं तांदळाचं धुवण तेवढं वाहिलं होतं. रंजीता तिथं पोचली आणि थबकली. फेस आला होता, आणि फेसावर कोळशाची चुरी तरंगत होती.

तिनं स्वतःला समजावलं. बाईनं पेटीतले नवऱ्याचे जुने डुटीचे कपडे धुवायला काढले असतील. नक्कीच तसं असेल. ती दारात गेली.

वच्छलाबाई चुलीपाशी बसून भाकर थापत होती. दोन्ही हात पिठात. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आणि आत, न्हाणीत, कोणीतरी तांब्यानं अंगावर पाणी घेत होतं. एक तांब्या, मग थोडं थांबून दुसरा.

"बस," वच्छलाबाई म्हणाली. "हे न्हाऊन राह्यले."

रंजीतानं वाक्य तयार करून आणलं होतं. सुरेंद्र वर आला होता, आता ते बोलायला काही हरकत नव्हती. "वच्छलाबाई, मी दुपारी..." तिनं सुरुवात केली. आतला तांब्या थांबला. ऐकायला थांबावा तसा.

वच्छलाबाईनं भाकर तव्यावर टाकली आणि वर पाहिलं. इतकं सुख रंजीतानं कोणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं, स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. "तूच तं आनलं वं माय त्यायले," ती म्हणाली. "मी काय देऊ तुले? जेवून जा."

आत कोणी हललं नाही. तिला जे सांगायचं होतं ते आता एका बाईला सांगायचं नव्हतं, दोघांना सांगायचं होतं, आणि त्यातला एक ओल्या अंगानं दाराआड उभा होता.

"नाई बाई," ती म्हणाली. "आमचे हे घरी वाट पाहून राह्यले असतीन."

आत पुन्हा पाणी पडू लागलं. रंजीता मागं न पाहता लाइनीतून घरी आली. सुरेंद्रला तिनं न्हाऊ घातलं, वाढलं, आणि तो जेवत होता तोवर त्याच्याकडं पाहत बसली.

गेमच्या गोष्टी तिनं पुढंही बायकांना सांगितल्या. पण त्या दिवसानंतर रंजीता नुसतं "हे" कधीच म्हणाली नाही. दर वेळेला, वाक्य कितीही घाईचं असलं तरी, आधी "आमचे" म्हणायची.