धोंडिराम गवंड्याची एक भिंत

उंब्रजमध्ये आणि आसपासच्या गावांत कुणाची भिंत कलली की धोंडिराम गवंड्याला बोलावणं जायचं. तो यायचा, भिंतीसमोर उभा राहायचा आणि ओळंबा सोडण्याआधी तिच्यावर तळहात फिरवायचा, आधी वरून खाली, मग आडवा. हाताला जे आधी कळतं ते दोरीला मागाहून कळतं, असं त्याचं म्हणणं. बागायतदारांच्या माड्या त्यानं बांधल्या, हमरस्त्याकडेची दुकानं बांधली, आणि आपल्या वस्तीतला छोटासा बुद्धविहार तर मजुरी न घेता उभा केला.

माणूस बोलायलाही खमका होता. दीक्षा घेतल्यापासून भूतखेत, करणी, उतारा यातल्या कशाचं नाव काढलं की तो चवताळून उठायचा. विहारातल्या रविवारच्या बैठकीत त्याचं एक वाक्य ठरलेलं असे. "भूत दावा, आन माझी थापी घिऊन जावा. पुन्यांदा हातात धरणार न्हाई." थापी गेली तर गवंड्याकडे राहिलं काय, तेव्हा पैज काही साधी नव्हती. सहा वर्षांत ती कुणाला जिंकता आली नव्हती.

आणि अशा माणसाची पोटची पोर आपल्याच घराच्या आतल्या खोलीत जायला भीत होती.

विजयमाला तिचं नाव, घरात नुसती माला. वय वर्षं सहा, शाळेत पहिलीला. घर दोन खोल्यांचं, बाहेर चूल आणि आत अंथरुणं. त्रेसष्ट सालच्या थंडीत तिनं एके दिवशी आईला सांगितलं, की आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीत कुणीतरी हाय. आधी सगळे हसले. मग ती अंथरुणावर टक्क जागी बसायला लागली आणि शाळेत पाटीवर डोकं ठेवून झोपायला लागली. दिवसाढवळ्या आईनं आतून जोंधळ्याचं सूप आणायला सांगितलं तरी उंबऱ्याशी थांबायची. बघता बघता पोर वाळून गेली.

आता खरं सांगायचं तर त्या भिंतीत खरंच काहीतरी होतं. आणि ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं धोंडिराम धरून होता.

दीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात वस्तीनं ठरवलं, की घराघरांतले देव पाण्यात सोडायचे. वस्तीतले जाणते तात्याबा पुढं झाले आणि सगळे टोपल्या घेऊन, तारळी जिथं कृष्णेला मिळते तिथं गेले. धोंडिरामचीही टोपली रिकामी झाली. राहिला तो फक्त काळूबाईचा टाक, आठ आण्याच्या नाण्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली देवीची मूर्ती. त्याची आई बनुबाई मरताना तो टाक त्याच्या हातात देऊन म्हणाली होती, "हिला उपाशी ठिवू नगंस." देवीवर त्याचा विश्वास उरला नव्हता, यात खोट नाही. पण आईच्या बोटांनी पुसून पुसून त्या देवीचं नाकडोळे गुळगुळीत झाले होते. नदीकाठी सगळ्यांदेखत त्याची मूठ काही उघडली नाही. बायको सुलाबाई तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती. घरी येऊन त्यानं टाक कोनाड्यात ठेवला, पुढं विटा लावल्या आणि वरून असा गिलावा केला, की तिथं कधी कोनाडा होता हे परक्या माणसाला सांगूनही पटलं नसतं. आपल्या कसबाचा एवढाच गैरवापर त्यानं जन्मात केला.

एका संध्याकाळी भाकरी थापता थापता सुलाबाई म्हणाली, "आक्काताई म्हणती, पाटणकडं एक देवऋषी हाय. पोरीला न्यावं."

आक्काताई म्हणजे तिची थोरली बहीण. धोंडिराम ताटावरून उठायच्या बेतात आला. "माझ्या घरातलं पोर देवऋषाच्या दारात? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"मग तुमी बरं करा. पोर झोपंना, खाईना. येत्या सोमवारी मी तिला नेणार, मग लोक कायबी म्हणू द्यात."

सोमवारला पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुटी होती. धोंडिराम मालाला कामावर घेऊन गेला. एका माडीची भिंत वर येत होती. पोरीला त्यानं वाळूच्या ढिगावर बसवलं आणि एकेक वीट हातात देऊन दाखवली. "बघ. माती, चुना, वाळू. ह्याच्यात कोण ऱ्हाईल? जागाच न्हाई." तिनं विटा उलटसुलट करून पाहिल्या. तो वर वळला आणि सवयीनं नव्या भिंतीवर तळहात फिरवू लागला.

"आबा, तुमी हिच्यावर हात फिरवला," माला म्हणाली.

"मग? समद्याच भिंतींवर फिरवतो की."

"आपल्या त्या भिंतीवर न्हाई फिरवत. आईनं आरसा लावायला खिळा मागितला, तवा तुमी लय रागावला. चुना देताना तीन भिंती तुमी देता, तेवढी ती आईला देता. तुमीच भिता तिला." मग ती हळूच म्हणाली, "तुमी कशालाच भीत न्हाई. तुमी भिता म्हंजी आतलं लय मोठं आसंल."

धोंडिराम थापी हातात धरून तसाच उभा राहिला. घमेल्यातला माल सुकून गेला तरी त्याला पत्ता नाही. गावभर ओरडून ज्याला तो नाही म्हणत होता, ते त्यानं स्वतःच पोरीच्या उशाशी आणून ठेवलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

गुपचूप टाक काढून पुन्हा गिलावा करता आला असता. पण मग पोरीला ती भिंत कायमची तशीच वाटली असती. आणि तिच्यादेखत फोडावी, तर सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडाला कुलूप थोडंच असतं? दिवस मावळायच्या आत सगळ्या वस्तीला कळलं असतं, की सगळ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या गवंड्यानं देव भिंतीत पुरून ठेवलाय. सहा वर्षं कमावलेला शब्द एका छिन्नीनं जायचा. दोन दिवस त्याच्या मनात हीच घालमेल चालली.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यानं छिन्नी-हातोडा काढला आणि मायलेकींना आतल्या खोलीत बोलावलं. माला उंबऱ्याशीच थांबली. त्यानं पहिल्यांदा त्या भिंतीवर तळहात फिरवला, मग घाव घातला. चार विटा निघाल्या. आत हात घालून त्यानं हळदीनं पिवळी पडलेली चिंधी काढली, सोडली आणि हात पुढं केला.

माला एकेक पाऊल टाकत आत आली. तिनं वाकून त्या पत्र्याकडं पाहिलं.

"एवढीच?" ती म्हणाली.

"एवढीच."

"हिला भ्यालासा?"

"हिला न्हाई गं. माझ्या आयनं दिल्याली. टाकली तर आय रडल आसं वाटायचं, आन ठेवली तर लोक हसतील. म्हणून लपिवली."

त्यानं सुलाबाईकडं पाहिलं तेव्हा ती पदरानं विटांची धूळ झटकत म्हणाली, "माहेरनं आले तवा कोनाडा गायब. दरसाल चुना देताना पोकळ आवाज यायचा. तुमीच सांगाल म्हणून वाट बघत हुते. देवऋषाचं नाव काढलं तवा कुठं छिन्नी निघाली."

बायकोनं आपल्याला गुंडाळलं हे त्याच्या ध्यानात आलं. पण रागवायला तोंड होतं कुठं?

त्याच संध्याकाळी तो मालाला घेऊन संगमावर गेला. वाटेत तिनं विचारलं, "आजी कशी हुती?" आणि धोंडिराम आईविषयी बोलू लागला. ती किती ठेंगणी होती, भांडताना कंबरेवर हात कसे ठेवायची, शेंगा भाजल्या की आधी त्याच्या खिशात कशा भरायची. टाक भिंतीत गेल्यापासून त्यानं आईचं नावच घेतलं नव्हतं, हे त्याला बोलताना कळलं. नदीवर त्याची मूठ सहज उघडली. त्याचे डोळे भरून आले आणि तो पोरीसमोर रडला.

कोनाडा त्यानं बुजवला नाही. कडा नीट करून आत मालाची पाटी आणि पुस्तक ठेवलं. त्या रात्री पोर अशी झोपली, की सकाळी हलवून उठवावी लागली.

रविवारी बैठकीत तो उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. शेवटी थापी सगळ्यांच्या मधोमध ठेवली. "भूत माझ्याच घरात निघालं. ज्याला पायजे त्यानं ही उचलावी." मागं कुणीतरी फिसकन हसलं. बाकी कुणी हललं नाही. तात्याबा खाली मान घालून सतरंजीचे धागे उपसत बसले होते. मंडळी पांगली, थापी तिथंच राहिली.

सगळे गेल्यावर तात्याबांनी ती उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"ठेव तुझ्याकडंच," ते म्हणाले. "आन उद्या सकाळच्याला माझ्या घरी ये जरा." ते दाराकडं वळले आणि त्याच्याकडं न बघताच म्हणाले, "येताना छिन्नी आण."

दाराशी बसलेल्या मालानं सगळं ऐकलं होतं.

"आबा, त्यांच्यात पण हाय?"

"आसंल."

"मी येऊ बघाय?"

आठवड्यापूर्वी उंबरा न ओलांडणारी पोर ती. धोंडिरामनं तिच्या डोक्यावरून तळहात फिरवला.

"ये," तो म्हणाला. "पर माझा हात धरून ऱ्हा. मला जरा भ्या वाटतंय."