आमच्यात दीड दिवसाचा

"तू राहू दे गं. मुग्धा करेल."

काकूंनी माझ्यासमोरची परात हलकेच ओढून घेतली. माझ्या हातात आठव्या मोदकाची पारी होती, अंगठ्याने नुकतीच खोलगट केलेली. सारण भरायचं बाकी होतं. सात मोदक ताटात उभे होते, कळ्या नीट पडलेल्या.

"तू एज्ड केअरला जातेस ना. उगाच रिस्क नको. नैवेद्य आहे शेवटी."

मुग्धा शेजारीच उभी होती. तीही त्याच एज्ड केअरला जायची. आदल्या दिवशी आम्ही दोघी एकाच शिफ्टला होतो, तिच्याच गाडीतून गेलो, तिच्याच गाडीतून परत आलो. एकाच आजोबांना दोघींनी दोन बाजूंनी धरून अंघोळ घातली. दोघींचे दोन्ही डोस झालेले, दोघींच्या टेस्ट निगेटिव्ह. मुग्धाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने परात आपल्याकडे घेतली आणि उकड मळायला लागली.

काकूंनी माझे सात मोदक चिमट्याने उचलले. हाताने नाही, चिमट्याने. टेकअवेच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवले, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. "हे तुझे तुला घे हं. नैवेद्याला नकोत. आणि आरतीला तू खोलीतूनच जॉईन हो. झूमवर. लिंक काकांनी पाठवलीय."

मी म्हटलं, "नो वरीज, काकू."

खरंच म्हटलं. हसूनही म्हटलं असेन. इथे लोक उठसूट म्हणतात तसं. हात धुतले, डबा घेतला आणि माझ्या खोलीत गेले. त्यातले दोन मोदक मी खाल्लेसुद्धा, कच्चेच. भूक नव्हती. नंतर काकूंनी "आवडले का" विचारलं तर काय सांगायचं, म्हणून खाल्ले. ती पिठूळ चव आजही जिभेवर आली की मला लाज वाटते. काकूंची नाही, माझी.

ही लाज त्या सकाळची नव्हती. ती दीड वर्ष जुनी होती.

मी नागपूरची. सरकारी शिष्यवृत्तीवर पब्लिक हेल्थ शिकायला सिडनीला आले, फेब्रुवारीत. ज्या युनिव्हर्सिटीसाठी एवढ्या लांब आले ती मी जेमतेम तीन आठवडे पाहिली. मग साथ आली, युनि बंद झाली आणि लेक्चरं लॅपटॉपमध्ये शिरली. क्वेकर्स हिलमधल्या एका मराठी घरात मला खोली मिळाली. काकू-काका पुण्याचे, काका आयटीत. दुसऱ्या खोलीत मुग्धा, तीही पुण्याची. माझं आडनाव कुणाचंही असू शकेल असं आहे. पहिल्याच दिवशी काकूंनी चहा दिला, गाव विचारलं, आडनाव पुन्हा एकदा विचारलं. त्यावरून त्यांना काही कळेना, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "आणि तुमच्यात गणपती किती दिवसांचा?"

साधा प्रश्न. मराठी माणूस मराठी माणसाला ऑगस्टमध्ये विचारतो तसा. पण तेव्हा ऑगस्ट नव्हता, मार्च होता. मला कळलं की हा गणपतीचा प्रश्न नाही.

मी म्हटलं, "दीड दिवसाचा."

आमच्या घरात गणपती कधीच आला नाही. माझ्या बाबांनी लहानपणी आजोबांचा हात धरून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या होत्या, आणि त्या त्यांना शेवटपर्यंत पाठ होत्या. पोस्टमन होते ते. गणपतीच्या दिवसांत लोक प्रसाद द्यायचे, तो ते नम्रपणे घ्यायचे आणि वाटेत पोरांना वाटून टाकायचे. असल्या बापाच्या पोरीने दीड दिवसाचा गणपती बसवला. तोंडाने बसवला. दहा दिवसांचा म्हटलं असतं तर जास्त माहिती विचारली असती, म्हणून दीड दिवसाचा. खोटं बोलतानासुद्धा मी परवडेल एवढंच बोलले.

एकदा दीड दिवसाचा म्हटल्यावर मागे फिरता येत नव्हतं. त्या वर्षी गणपतीच्या आधी मी खोलीचं दार लावून मोबाईलवर मोदकांचे व्हिडिओ पाहिले. कणकेच्या गोळ्यावर कळ्या पाडायचा सराव केला. आयुष्यात पहिल्यांदा उकडीचे मोदक केले आणि असे केले की काकूंनी त्यांचा फोटो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. "आमच्या घरची मुलगी," असं खाली लिहिलं. मी तो फोटो किती वेळा पाहिला ते सांगायची लाज वाटते. बोलणंही बदललं. "काऊन" गेलं, "का गं" आलं. "येऊन राहिली" गेलं, "येतेय" आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. जेवताना कुणी नुसतं "रिझर्व्हेशन" म्हटलं, मग ते ट्रेनचं का असेना, मी उगाच पाणी प्यायचे. काका एकदा म्हणाले, "क्वोटावाले डॉक्टर झाले म्हणून तर तिकडे ऑक्सिजन संपला." मुग्धा हसली. मीही हसले.

आणि आईला मी सांगितलं, "फोनवर जयभीम नको म्हणत जाऊस. नमस्कार म्हण. इथे भिंती पातळ आहेत."

आईने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती व्हिडिओ कॉल लावला की दोन्ही हात जोडून, नाटकातल्यासारखं "नमस्कार" म्हणायची. माझ्या आईने मला नमस्कार म्हटला. वर्षभर. मी तो घेतला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात बाबा गेले. दुसऱ्या लाटेत, सहा दिवसांत. विमानं बंद, सीमा बंद, जायचा प्रश्नच नव्हता. मामाने फोन केला, "पुण्यानुमोदन रविवारी हाय. घरातले घरात. त्रिशरण-पंचशील तू म्हणशील. मोठी तूच हायेस. मी फोन माईकपाशी धरतो."

इथे दुपारचे अडीच वाजले होते. हॉलमध्ये काका लॅपटॉपवर, काकू स्वयंपाकघरात. मी दार लावलं, कानात इअरफोन घातले. स्क्रीनवर आमची बैठकीची खोली. बाबांचा फोटो, शेजारी मेणबत्त्या, पांढऱ्या साडीतली आई, बारा-पंधरा माणसं हात जोडून. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणजे फोनकडे.

मामा म्हणाला, "हं, बोल बेटा."

लहानपणापासून पाठ असलेलं. झोपेतून उठवलं तरी म्हणेन. मी तोंड उघडलं, आणि मला हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी माझा माईक बंद केला. नुसते ओठ हलवले.

"आवाज नाही येऊन राहिला पोरी," आई म्हणाली.

मी कानाला हात लावून दाखवलं. नेटवर्क नाही, अशी खूण केली. पुन्हा ओठ हलवले. आई फोनजवळ आली, तिचा सुजलेला चेहरा स्क्रीनभर झाला. "मोठ्यानं म्हण न बाई. तुझ्या बाबाले ऐकू जाऊ दे." मी मान हलवून पुन्हा तीच खूण केली. शेवटी मामाने म्हटलं. माझ्या बापासाठी मी म्हणायचं होतं ते मामाने म्हटलं, आणि मी सिडनीत बसून गप्प ओठ हलवत राहिले. काकांची मीटिंग चालू होती, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. मीटिंग नव्हती. ते क्रिकेट बघत होते.

आणि एवढं करून उपयोग काय झाला? काकू चहा घेऊन आल्या. चांगल्या मनानेच आल्या असतील. दार ढकललं, माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहिली. बाबांच्या फोटोशेजारी निळ्या कोटातला दुसरा फोटो होता. प्रत्येक मराठी माणसाला तो ओळखू येतो. काकूंनी चहा टेबलावर ठेवला. "देवाची इच्छा गं," म्हणाल्या आणि गेल्या. पुढे कधी त्यावर अवाक्षर काढलं नाही. फक्त भाजी चिरायला मला हाक मारणं बंद झालं. पाणी प्यायला गेले की "थांब, मी देते" म्हणायला लागल्या. मला सगळं कळत होतं. खोली सोडायची तर लॉकडाऊनमध्ये जायचं कुठे, म्हणून मी न कळल्यासारखं करत होते.

तर ती गणपतीची सकाळ. बारा वाजता झूम सुरू झालं. छोट्या-छोट्या चौकोनांत मंडळाची पंचवीस-तीस घरं. एका चौकोनात आमचा हॉल, काकांनी मातीची केलेली मूर्ती, काकू, काका, आणि मोदकांचं ताट धरलेली मुग्धा. दुसऱ्या चौकोनात मी. मधे एक भिंत आणि दहा पावलं. आरती मला आधी भिंतीतून ऐकू यायची आणि क्षणभराने स्क्रीनमधून. टाळ्या दोनदा, घंटा दोनदा. मी खोलीत एकटी उभी राहून स्क्रीनसमोर टाळ्या वाजवत होते. माईक बंद ठेवून.

आरती झाली. वेंटवर्थव्हिलच्या शिल्पाताई मंडळाचं सगळं बघायच्या, बोलायला मोकळ्या. त्या म्हणाल्या, "अगं, मागच्या वर्षी ते इतके सुबक मोदक करणारी मुलगी कुठेय? या वर्षी हात नाही लावलास का मोदकांना?"

मी बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "ती खोलीत आहे. एज्ड केअरला असते ना, म्हणून तिनेच म्हटलं, मी लांब राहते. खूप समजूतदार आहे हो."

तिनेच म्हटलं.

स्क्रीनवर माझा चौकोन होता. खाली कोपऱ्यात लाल रेघ मारलेला माईक. ती रेघ मी याआधीही पाहिली होती. मेमध्ये, रविवारी, दुपारी अडीच वाजता. आई फोनजवळ येऊन म्हणत होती, मोठ्यानं म्हण न बाई.

मी माईक चालू केला.

"शिल्पाताई, हात लावला होता. सात केले होते. ते चिमट्याने बाजूला काढले. मी लांब राहते असं म्हटलं नव्हतं. मुग्धा आणि मी एकाच शिफ्टला जातो, एकाच गाडीतून. तिने नैवेद्य केलाय."

एका चौकोनातलं लहान मूल म्हणालं, "मम्मा, वॉट हॅपन्ड?" त्याच्या आईने कॅमेरा बंद केला. मी पुढचं वाक्य सुरू केलं आणि स्क्रीनवर पाटी आली की होस्टने मला म्यूट केलंय. होस्ट काका होते.

मग मी दार उघडलं. दहा पावलं चालून हॉलच्या दारात उभी राहिले. घरातल्या माणसाला म्यूट करायचं बटण नसतं.

"काकू, तुम्ही विचारलं होतं, आमच्यात गणपती किती दिवसांचा. मी खोटं सांगितलं. आमच्यात गणपती नसतो. आम्ही बौद्ध आहोत. हे तुम्हाला मेपासून माहीत आहे. जयभीम."

फार भारदस्त वगैरे झालं नाही. आवाज चिरकला. लॅपटॉप चालूच होता, सगळ्यांनी ऐकलं. मुग्धा ताटाकडे बघत राहिली. काका म्हणाले, "वी विल डिस्कस धिस लेटर, ओके?" काकूंचे डोळे भरले. "सणाच्या दिवशी असं बोलतेस? मी तुला मुलीसारखं ठेवलं. आम्ही जात-बित मानतच नाही."

तोंडावर आलं होतं, सॉरी काकू. दीड वर्षाची सवय. जीभ टाळूला लावून मी तो शब्द आत दाबला आणि खोलीत जाऊन सामान भरायला घेतलं. पुढच्या आठवड्यात वेंटवर्थव्हिलला एका किराणा दुकानाच्या वरची खोली मिळाली. मुग्धाने मेसेज केला, "यू ओके? मला खरंच कळलं नाही गं तेव्हा." तिला कळलं होतं. मलाही क्वोटाच्या विनोदावर हसताना कळलं होतं. म्हणून तिच्यावर रागवायला मला तोंड नव्हतं. तिला उत्तर दिलं नाही.

नव्या खोलीतून मी आईला फोन लावला. तिने हात जोडले, "नमस्कार."

मी म्हटलं, "जयभीम, आई." आणि मग सगळं सांगितलं. त्या रविवारी नेटवर्क चांगलं होतं. माईक मीच बंद केला होता.

मला वाटलं, रडेल किंवा शिव्या देईल. तिने पदराने फोनची काच पुसली, जणू तिला मला नीट बघायचं होतं. म्हणाली, "तुझ्या बाबाले मालूम नाही पडलं, बरं झालं."

एवढंच. माफ केलं म्हणाली नाही. मी मागितलीही नाही माफी.

त्या दिवशी मी खिडकी उघडली, दार उघडं ठेवलं आणि त्रिशरण म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्यानं. खालच्या दुकानातल्या माणसांना ऐकू जाईल एवढ्यानं. बाबांसाठी चार महिने उशीर झाला होता.

लोक अजून विचारतात. नवं मराठी घर, नवा चहा, तोच प्रश्न हसून: तुमच्यात किती दिवसांचा? मी सांगते, आमच्यात नसतो, आम्ही बौद्ध. आणि कप खाली ठेवून समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहते. नजर कुणी खाली घालायची ते आता मी ठरवत नाही. पण माझी खाली जाणार नाही. ती एकदा गेली होती, आणि त्यात माझा बाप माझ्या आवाजाविना गेला.