चारोळीवाल्या बाईंची गाठ

जंगलातली चारोळी दारोदार विकणाऱ्या चारोळीवाल्या बाई हसल्या की आमच्या आलापल्लीच्या क्वार्टरमागची कुत्री भुंकायची. बाबा वनखात्यात, मी शिक्षण संपवून घरी. दारात उभी राहून मी फक्त मान डोलवायचे. "इंग्रजी शाळेत तोंड जमा करून घेते का वो?" त्या विचारायच्या.

महिन्यातले चार-पाच दिवस त्या येत नसत. गावाबाहेरच्या पाळीच्या घरात असत. "आराम असते तिथं. नवऱ्याले येता येत नाई!"

परतल्यावर मात्र एक हात पोटावर असे. सिझरच्या टाक्याजवळ सुपारीएवढी गाठ होती. दवाखान्यात दोनदा 'धागा राहिला असेल' म्हणून मलम मिळालं होतं. यंदा गाठ वाढली. "कॅन्सर तं नसन?" त्यांनी एकदाच विचारलं, आणि हसल्या नाहीत.

"कधी दुखते?" मी विचारलं.

"पाळीत. मंग उतरते."

"मग पाळीतच दाखवा ना."

"तवा दवाखान्यात कशी जाऊ वो?"

म्हणजे फुगलेली गाठ त्या घरातल्या बायांनी पाहिली होती, डॉक्टरांनी कधीच नाही.

पुढच्या पाळीत, दुसऱ्या दिवशी, पाळीच्या घरातल्या बायांनी अडवलं तरी त्या तिथूनच थेट माझ्याकडे आल्या. मी दवाखान्यात सोबत गेले. डॉक्टरांसमोर बाई पहिल्यांदाच गप्प झाल्या. शेवटी मीच बोलले, "यांना पाळी चालू आहे. ही गाठ पाळीतच फुगते." दाराशी उभी असलेली सगळी रांग वळली. बाई कुजबुजल्या, "आता जरा हळू बोल ना वो!"

डॉक्टरांनी समजावलं. सिझरच्या वेळी गर्भाशयाचं अस्तर कधीकधी टाक्यात रुजतं आणि दर पाळीला सुजतं. एंडोमेट्रिओसिस. फार क्वचित, अनेक वर्षांनंतर, त्याचा कॅन्सर होतो. म्हणून गाठ काढून तपासायची.

चंद्रपूरला ऑपरेशन झालं. रिपोर्ट आला तेव्हा बाई खाटेवर ताठ बसल्या. "पयले इंग्रजीत वाच. मंग मराठीत." कॅन्सर नव्हता. त्यांनी मराठीतलं तीनदा वाचायला लावलं.

दोन महिन्यांनी मी नोकरीसाठी नागपूरला निघाले. बसमध्ये चढणार तोच जीपमधून बाई उतरल्या, सोबत एक अवघडलेली तरुण बाई.

"हिलेबी गाठ हाय. आज दुसरा दिवस. चाल, तू बोल."

"माझी बस सुटतेय, बाई."

"मंग मी बोलतो!"

दवाखाना स्टँडसमोरच होता. बस वळेपर्यंत मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, "सरका, हिची पाळी चालू हाय! डॉक्टरले आजच पाहू द्या!"