खुर्चीमागचा अ‍ॅम्प
अ‍ॅम्प तापला की धूळ भाजल्याचा वास येतो आणि मला वालचंदनगरची आमची क्वार्टर आठवते. वडिलांना कारखान्यातून रिटायर व्हायला महिना होता. त्यांच्या जुन्या, पोकळ पोटाच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी मी कौतुकानं आवाज वाढवणारा मोठा अ‍ॅम्प आणला आणि त्यांच्या खुर्चीमागंच ठेवला. त्यांनी तार छेडली अन् अ‍ॅम्प विव्हळायला लागला. तळव्यानं तारा दाबून त्यांनी पुन्हा वाजवून पाहिलं, तरी तेच. बोटांकडं बघत म्हणाले, “हात ऱ्हायला न्हाय रं माझा आता.” मलाही तसंच वाटलं, म्हणून मी बटण बंद केलं. गिटार खोळीत गेली ती पुन्हा निघाली नाही. ते वारल्यावर मी हे सांगितलं तेव्हा बारामतीतला वाद्यांचा दुकानदार म्हणाला, “पोकळ गिटार अ‍ॅम्पला चिकटून बसली की वरडणारच. हाताचा काय दोष न्हाय, लांब सरकवा.” काल अ‍ॅम्प लांब सरकवून तीच तार छेडली. माझ्या अडाणी हातानंसुद्धा ती स्वच्छ वाजली.