अठ्ठावीस दाण्यांची पाटी

पार्बताकाकू कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय घरात घेत नसत. त्यांच्या मुलाने, विजयने, फ्रिज घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून फ्रिजच्या तळाएवढा चौकोन केला, तो स्वयंपाकघरात अंथरला आणि चार दिवस त्याला वळसा घालून चालत राहिल्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "दारामागं ठेवा. इथं ठेवला तं रोज शेगडीपाशी जाताना आडवा येईन." फ्रिज दारामागे गेला. काकूंना जाऊन आता वर्ष झालं, फ्रिज अजून तिथेच आहे.

मोहाडीत काकूंच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत. त्या भिंतीपलीकडून दिवसभर मागाची खटखट यायची आणि माझ्या लहानपणी शाळेची तयारी त्याच ठेक्यावर व्हायची. पुढे मी गावातल्याच शाळेत शिक्षिका झाले, आजूबाजूचे माग एकेक करून बंद पडले, पण काकूंचा चालूच होता. आमच्याकडे बायका सुताच्या कांड्या भरायच्या, सूत उकलायच्या. मागावर बसायचे ते पुरुष. काकूंचे यजमान गेले तेव्हा विजय पाच वर्षांचा होता. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी काकू मागावर बसल्या. कोणी काही बोललं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "धाग्याले समजते काय, हात बाईचा हाये का माणसाचा?"

सत्तरीच्या आसपास त्यांचे डोळे बिघडले. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय, चष्म्याने सुधारणार नाही. कडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही. काकूंनी ते आपल्या पद्धतीने समजून घेतलं. मला म्हणाल्या, "तुह्याकडं पाह्यतो तं तोंड गायब. दोन कान तेवढे दिसते. आता मी लोकायले कानावरून ओळखीन." आणि खरंच ओळखू लागल्या. पण मागावर कानांचा उपयोग नव्हता. साधं कापड त्या हाताच्या अंदाजाने विणत; काठावरची नक्षी मात्र थांबली. विजय जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला. तो दर रविवारी येऊन म्हणायचा, "माय, क्वार्टरवर चाल. खूप झालं." काकू 'पाहू' म्हणत. ते 'पाहू' मला आवडत नसे. काकू हळूहळू तयार होत चालल्या आहेत, असं वाटायचं.

अशात नागपूरहून सुमनताई आल्या. निवृत्त बाई, हातात पिशवी, पिशवीत टसर रेशमाचं अर्धं फाटलेलं लुगडं. त्यांच्या आईच्या लग्नातलं. नातीच्या लग्नासाठी त्यांना तसाच काठ हवा होता. त्या आधी तीन गावं फिरून आल्या होत्या. रामाजी नावाचे नामी विणकर, तेही म्हणाले होते की असा काठ आता कोणी विणत नाही, नक्षाच कुठे उरला नाही.

काकूंनी लुगडं मांडीवर घेतलं, उलटं केलं आणि काठाच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिल्या.

"हा माह्या सासऱ्याचा हात हाये," त्या म्हणाल्या. "मागून धागा असा दाबून न्यायची सवय त्यायलेच होती. मी करून देतो."

रविवार होता, म्हणून विजयही तिथेच होता. सुमनताई गेल्यावर विजयचा आवाज चढला. "माय, तुले माणसाचं तोंड दिसत नाही, धागे कसे दिसतीन? कबूल काहून केलं?"

"सासऱ्यानं हा काठ कोणाले शिकवला नाही. मी तं बाई, मले कायले शिकवतीन. आता तो आपल्या पायानं घरी आला. त्याले वापस पाठवू?"



पुढचे दोन आठवडे शाळा सुटली की मी भिंग घेऊन त्या काठावर बसले. दोन बोटं रुंदीचं फूल, तेच पुन्हा पुन्हा. मी धागे मोजायचे, चौकटीच्या कागदावर घरं भरायची, आणि काकू जुन्या कापडावर बोट फिरवून तपासायच्या. दोनदा माझी चूक त्यांनी बोटाने पकडली. शेवटी नक्षा तयार झाला: आडवी अठ्ठावीस घरं, उभी अठ्ठावीस घरं. एवढंसं फूल, पण कागदावरचं एकही घर काकूंना दिसेना. तेव्हा मी वेगवेगळ्या मापाची घरं काढून त्यांच्यापुढे धरली. मान जराशी तिरकी करून, डोळ्याच्या कडेने, त्यांना जे लहानात लहान घर ओळखता आलं ते लाखोळी या आमच्याकडच्या कडधान्याच्या दाण्याएवढं होतं.

मी म्हटलं, "काकू, टॅबलेट घेऊ. नक्षा त्यावर टाकू. हवा तेवढा मोठा करता येतो, आणि बोट लावलं की चालू ओळ पिवळी होते."

"म्हणजे उजेडाची पाटी," काकू म्हणाल्या. "केवढी घ्यायची?"

विजय लगेच म्हणाला, "सर्वात मोठी." त्याचं आईवरचं प्रेम नेहमी असं मापाच्या बाबतीत उधळत असे.

काकूंनी मला लहान, मधल्या आणि मोठ्या टॅबलेटच्या मापाचे पुठ्ठे कापायला लावले. प्रत्येक पुठ्ठा दोन-दोन दिवस मागाला बांधून त्या साधं कापड विणत बसल्या. मोठा पुठ्ठा मागाच्या पुढेमागे हलणाऱ्या फणीच्या चौकटीला लागायचा, आणि वर बांधला की मान दुखायची. शिवाय विणलेलं कापडच त्याच्याआड जायचं. लहान पुठ्ठ्यावर त्यांनी लाखोळीचे दाणे मांडून पाहिले. अठ्ठावीस हवे होते, सोळाच मावले.

"सरकवून सरकवून पाहता येईल," मी म्हटलं.

"अर्धं फूल पाहून विणलं तं अर्धंच फूल निघते, पोरी. मले आखं फूल एका नजरेत पाहिजे."

आम्ही तिघं एसटीने भंडाऱ्याला गेलो. दुकानदार पन्नाशीचा, बोलघेवडा माणूस. काकूंच्या डोळ्यांचं ऐकून त्याने सर्वांत मोठा टॅबलेट पुढे केला. "आजी, नजर कमी आहे ना, मग बिनधास्त बडावाला घ्या."

"हा मागात बसत नाही. मी दोन दिवस बसवून पाह्यला. मधला दाखवा," काकू म्हणाल्या. दुकानदाराला काही कळेना, पण त्याने मधल्या मापाचे दोन काढून ठेवले. एक साडेदहा इंचाचा, एक जरा कमी, दहाचा. विजयने साडेदहाचा उचलला. अर्धा इंच का होईना, जास्त.

काकूंनी कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून लाखोळीचे दाणे काढले आणि साडेदहाच्या काचेवर, अरुंद बाजूने, एकाला एक लावून मांडू लागल्या.

"आजी, काच आहे," दुकानदार म्हणाला.

"हे दाणे हायेत बाप्पा, खडे नाहीत."

पंचवीस दाण्यांना काच संपली. तीन दाणे काकूंच्या तळहातावर उरले. मग दहाच्या टॅबलेटवर तेच दाणे मांडले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बसले, वर कडेला बोटाच्या नखाएवढी जागा राहिली.

विजय चक्रावला. "हा लहान आहे ना? मग यात जास्त कसे बसले?"

दुकानदाराने समजावलं की इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. पहिला लांबट आहे, सिनेमा पाहायला बरा. दुसरा चौरसाकडे झुकलेला, म्हणून रुंदीला जास्त.

काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "लुगड्याचा पन्हा कोपऱ्यातून मोजते का कोणी?"

दुकानदार हसला, पण त्यानंतर तो काकूंशी वेगळ्या सुरात बोलला. त्याने स्वतःच टॅबलेट उभा धरून ठेवणारी पकड शोधून दिली आणि अक्षरं पांढरी, पाठ काळी कशी करायची ते मला दाखवलं. निघताना काकू दाणे वेचत होत्या, तोही वेचू लागला.

सुरुवात वाईट झाली. चार बोटं काठ विणल्यावर काकूंनी अंगठा फिरवला आणि थांबल्या. दुसऱ्या फुलात एक धागा सरकला होता. मी म्हटलं, कोणाला दिसणार नाही. "मले दिसत नाही म्हणून दुसऱ्याले आंधळं समजू काय?" असं म्हणून त्यांनी चारही बोटं उसवली. त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला वाटलं, आता विजयबरोबर जातील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला निघाले तर भिंतीपलीकडून खटखट येत होती. आधी अडखळत, मग सलग. मी जाऊन दारात उभी राहिले. मान तिरकी, नजर पाटीच्या कडेला, आणि हात आपला आपण चाललेला. एक ओळ झाली की बोटाने पाटीला शिवायचं, पिवळी रेघ वर सरकायची. पाऊस सरून धान कापणीला आलं तेव्हा लुगडं मागावरून उतरलं.

सुमनताई ते न्यायला आल्या आणि सोबत रामाजींना घेऊन आल्या. रामाजींना विश्वासच बसला नव्हता म्हणे. ओसरीवर जुना काठ आणि नवा काठ शेजारी पसरले. सुमनताई दोन्हींवरून हात फिरवत होत्या आणि रडत होत्या. विजय दाराला टेकून उभा होता. त्या दिवशी त्याने क्वार्टरचं नाव काढलं नाही, पुढेही कधी काढलं नाही.

 रामाजींनी चष्मा पुसला, मांडी घातली आणि काठ एका टोकापासून तपासायला घेतला. आधी सुलट, मग उलट. चहा आला, निवला.

"काय शोधून राहिले, भाऊ?" काकूंनी विचारलं.

"चूक शोधून राहिलो."

"शोधा. मले तं दिसत नाही."

बऱ्याच वेळाने त्यांनी लुगडं घडी करून सुमनताईंच्या हातात दिलं. मग मागाकडे गेले, त्या उजेडाच्या पाटीसमोर वाकून एकेक घर बघत राहिले. साठ वर्षं धागे उचललेला माणूस तो.

"पार्बताबाई," ते म्हणाले, "मले शिकवसान काय?"

काकूंनी पदर खोचला, मागावर जाऊन बसल्या आणि फळीवर सरकून त्यांच्यासाठी जागा केली.