पाठीवरची पट्टी

शुश्रूषागृहाच्या तळमजल्यावर, धुलाईच्या खोलीला लागून, एक अरुंद खोली आहे. खिडकीखाली शिलाई मशीन, भिंतीला लाकडी फळी आणि फळीवर तुटक्या बटणांच्या, उसवलेल्या बाह्यांच्या कपड्यांचा न संपणारा ढीग. स्मृतिभ्रंश झालेली माणसे कपडे फार ओढतात; अंगावरचे आपलेच आहे याची त्यांना खात्री वाटत नाही. या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे टेलरबाई म्हणत. गावात त्यांचे स्वतःचे दुकान होते, चांगले चालणारे. ते बंद करून त्या इथे पगारावर आल्या, कारण त्यांच्या थोरल्या बहिणीला वरच्या मजल्यावर ठेवावे लागले होते.

आई लवकर गेल्यावर ताईंनीच धाकटीला वाढवले आणि हातात सुई दिली. शिकवण्याची त्यांची रीत एकच. टाका चुकला तर रागावायचे नाही, कापड हातात घ्यायचे, उलटे करायचे आणि म्हणायचे, "उसव." एवढ्या एका शब्दावर टेलरबाईंचा हात घडला होता.

आता ताई बहिणीचा चेहरा ओळखत नसत. कधी त्या तिला परिचारिका समजत, कधी भाडे मागायला आलेली घरमालकीण. हात मात्र अजून जागेवर होते. कोणतेही कापड समोर आले की ताई कड चाचपत आणि नापसंत शिवण नखाने उसवून ठेवत.

"टेलरबाई, आवरा तुमच्या ताईंना," वरच्या मजल्यावरच्या मावशी ओरडत यायच्या. "माझ्या एप्रनचा खिसा उसवला, आणि वर मलाच विचारतात, शिवण शिकताना झोपली होतीस का म्हणून!"

"मशीनवरचा होता ना खिसा? मग मीही उसवला असता," टेलरबाई म्हणायच्या, आणि दोघी हसायच्या.

गृहाचा एक महत्त्वाचा नियम या खोलीतच पाळला जात असे. कुलपे आणि घंटा असूनही तिथली माणसे अधूनमधून बाहेर पडतात. हरवलेले माणूस हरवल्यासारखे चालत नाही. कामाला निघाल्यासारखे चालते, म्हणून वाटेत त्याला कुणी हटकत नाही. यावर उपाय म्हणून प्रत्येकाच्या कपड्याला, कॉलरच्या आत, एक पांढरी पट्टी शिवलेली असे आणि तिच्यावर काळ्या धाग्याने गृहाचा फोन नंबर. आजूबाजूच्या दुकानदारांना सांगून ठेवले होते: कुणी वयस्कर माणूस गोंधळलेले दिसले तर कॉलर उलटून पाहा.

ताईंच्या कॉलरमध्ये ही पट्टी टिकत नसे. सकाळी शिवलेली पट्टी दुपारी उशीखाली सापडे. "ठिगळ कुणी लावलं इथं?" एवढेच त्या विचारत.

तेव्हा टेलरबाईंनी दुसरी युक्ती काढली. झग्याच्याच कापडाची पट्टी कापली, कडा आत दुमडल्या, आकडे त्याच रंगाच्या धाग्याने भरले आणि कापडाच्या विणीत मिसळून जातील अशा टाक्यांनी ती कॉलरला बसवली. झगा ताईंच्या हाती दिला तेव्हा त्यांचे बोट सवयीने कॉलरवरून फिरले, पट्टीपाशी थांबले, पुन्हा मागे आले. चेहरा निवळला.

"हा आमच्या धाकटीचा हात," त्या समोर बसलेल्या धाकटीला म्हणाल्या. "कुठं असते आता ती? बरी आहे ना?"

"बरी आहे," टेलरबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून ताईंनी पट्टी उसवली नाही. टेलरबाईंनी त्यांचे सगळे झगे तसेच शिवले आणि दर वेळी तो प्रश्न ऐकला. चेहऱ्याने जी ओळख हरवली होती, ती बोटांखाली शिल्लक होती. त्या ओळखीसाठी टेलरबाई पुढचा झगा हाती देईपर्यंत आठवडाभर वाट पाहू शकत.

मेट्रनबाईंनी एकदा झगा खिडकीपाशी धरून पाहिला. "अहो, यात काही दिसत नाही."

"बोट लावलं की कळतं."

"बोट कोण लावणार? लोक नुसते बघतात."

"दुसरी लावली तर ताई उसवते. असून नसलेली पट्टी काय कामाची?"

"आणि ही?" मेट्रनबाईंनी विचारले. पण वरच्या मजल्यावर घंटा वाजली, त्या गेल्या आणि विषय तिथेच राहिला.

हिवाळ्यात एका सकाळी, धुलाईची गाडी आत घ्यायला फाटक उघडले होते. ताई गाडीच्या बाजूने, हातावर घडी केलेला टॉवेल घेऊन, बाहेर पडल्या. हमालाला वाटले, कामावरच्याच कुणी असाव्यात. जेवणाच्या वेळी खुर्ची रिकामी दिसली आणि धावाधाव सुरू झाली. टेलरबाई बहिणीचे नाव पुकारत गल्ल्यांमधून फिरल्या. मग लक्षात आले की त्या नावाला ताई हल्ली ओ देत नाहीत.

दिवस कलता कलता ताई सापडल्या. एका अर्धवट बांधकामाच्या चरात त्या बसून होत्या, एका पायात बूट नाही, टाच फाटलेली, ओठ काळेनिळे. टॉवेल तेवढा नीट घडी करून मांडीवर होता. गारठा फुप्फुसात उतरला, ताप चढला. डॉक्टर काही दिवस नक्की काही सांगायला तयार नव्हते.

त्याच दिवसांत तयार कपड्यांचा एक दुकानदार गृहात आला. हातातली टोपी तो सारखी फिरवत होता.

"माझ्या दुकानात बसल्या होत्या हो त्या. सगळ्या विजारींच्या कडा तपासल्या, मला दोन शब्द सुनावलेसुद्धा. मला शंका आली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे कॉलर उलटून पाहिली. स्वच्छ कॉलर, पट्टीबिट्टी काही नाही. मग म्हटलं, असेल कुणाची आजी, स्वभावच असेल तसा. दार उघडून दिलं मी त्यांना." टोपी फिरायची थांबली. "मी नीट पाहिलं होतं. खरंच."

"तुम्ही नीटच पाहिलंत," टेलरबाई म्हणाल्या. "पट्टी होती. दिसू नये अशी मी शिवली होती."

ताई वाचल्या. चालू लागल्या तशा पुन्हा दारे चाचपू लागल्या. टेलरबाईंनी जाड पांढरे कापड घेतले आणि लांबून वाचता येतील एवढे काळे आकडे भरले. ती पट्टी झग्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे ताईंचा हात पोचत नाही तिथे, दुहेरी धाग्याने पक्की केली. टाके मोठे होते, ओबडधोबड होते. तसेच हवे होते.

शेवटचा टाका घालताना ताई शेजारीच होत्या. त्यांनी झगा ओढून घेतला.

"हे कुणाचं काम?"

"माझं."

"कोंबडीनं उकरल्यासारखं दिसतंय. कुणी शिकवलं तुला?"

"माझ्या बहिणीनं."

"तिला म्हणावं, दुसरा धंदा बघ." ताईंनी कापड उलटे केले. "उसव."

"नाही उसवणार."

ताईंनी मान वर केली. कामावरच्या नव्या बाईकडे बघावे तसे त्यांनी बघितले. त्यात राग नव्हता, ओळखही नव्हती. "आमच्या धाकटीचं काम बघ कधीतरी. शोधून टाका सापडायचा नाही."

"हो," टेलरबाई म्हणाल्या. "नाही सापडला. हात वर कर, ताई."

परक्या माणसाने मदत केल्यावर धरावेत तसे, जरा अंग आखडून, ताईंनी हात वर धरले. टेलरबाईंनी झगा घातला, बटणे लावली, पाठीवरची सुरकुती सरळ केली. मावशी ताईंना अंगणात घेऊन गेल्या. खिडकीतून पांढरी पट्टी फाटकापर्यंत स्पष्ट दिसत होती.

मग टेलरबाईंनी बाकीचे झगे पुढे ओढले. जुन्या पट्ट्या काढून टाकायच्या होत्या. टाके इतके बारीक होते की सुईचे टोक त्यांच्याखाली शिरेना. थोडा वेळ प्रयत्न करून त्यांनी कात्री घेतली आणि कॉलरीच कापल्या.